आधी व्याख्या, मग कलम : नव्या पोलीस अंमलदारांसाठी

प्रशिक्षण केंद्रात कलमांचे आकडे पाठ होतात. ठाण्यात हजर झाल्यावर कळतं की फिर्यादी आकडा सांगत नाही, हकीकत सांगतो, आणि तीही मधूनच सुरू करतो. त्या हकीकतीतून नेमका कोणता गुन्हा घडला हे ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठरतं. तिथे पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो व्याख्येचा. प्रत्येक व्याख्येत तीन-चार, कधी पाच घटक असतात. ते सगळे हकीकतीत सापडले तर ते कलम लागतं. एक निसटला की दुसरं कलम लागतं, नाहीतर गुन्हाच होत नाही.

मी ठाणे अंमलदारी केली आहे, तपासही केला आहे. उलटतपासात आरोपीचा वकील बोट ठेवतो ते बहुतेक वेळा अशाच निसटलेल्या घटकावर. ‘घाईत राहून गेलं’ हे उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चालत नाही. म्हणून नव्याने रुजू झालेल्यांनी कोणत्या व्याख्या कोणत्या क्रमाने तपासायच्या, ते खाली लिहितो आहे.

टेबलावर काय हवं

- भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांच्या मूळ प्रती. गाइड नकोत, अधिनियमच हवेत.
- नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीची वेगळी प्रिंट. गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, हे तिच्यात दिसतं.
- जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता.
- महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९, पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) २०१२ आणि ॲट्रॉसिटी कायदा १९८९.
- साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे कोरे नमुने.

मोबाइलमधली कलमांची ॲप चटकन शोधायला बरी पडतात. पण फिर्याद टाइप करण्याआधी व्याख्या मूळ पुस्तकात वाचायची. ॲपमध्ये स्पष्टीकरणं आणि उदाहरणं बऱ्याचदा गाळलेली असतात, आणि खरी मेख तिथेच असते.

१. सगळ्यात आधी घटनेची तारीख

तीनही नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात, मग फिर्याद कधीही येवो. त्या फिर्यादीची नोंद आणि पुढचा तपास मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार होतो. जमिनीचे व्यवहार, ठेवींची फसवणूक, वैवाहिक छळ अशा प्रकरणांत लोक वर्षानुवर्षांनी येतात. तिथे हा घोळ हमखास होतो. घटना दोन्ही काळांत पसरलेली असेल तर कोणती कृती कोणत्या तारखेची, हे फिर्यादीत वेगवेगळं लिहून घ्या.

२. दखलपात्र की अदखलपात्र

वॉरंटशिवाय अटक करता येते तो दखलपात्र गुन्हा, ही व्याख्या तोंडपाठ असते. पण शिक्षेच्या आकड्यावरून अंदाज बांधायची सवय घातक आहे. अनुसूची उघडून बघायची. रोज येणारं उदाहरण घ्या. शेजाऱ्याने शिवीगाळ केली, दोन थोबाडीत मारल्या, ‘बघून घेतो’ म्हणाला. न्याय संहितेची कलम ११५(२), ३५२, ३५१(२). तिन्ही अदखलपात्र. एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, करायची, फिर्यादीला न्यायालयात दाद मागण्याची समज द्यायची. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७४).

आता त्याच हकीकतीत शेजाऱ्याने विळा चालवला असेल तर ११८(१) येतं, ते दखलपात्र आहे. आणि एक गुन्हा दखलपात्र असला की कलम १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरणच दखलपात्र धरलं जातं. म्हणून ‘भांडण झालं’ एवढं ऐकून एन.सी.चं रजिस्टर ओढू नका. कशाने मारलं, ते आधी विचारा.

एन.सी. घेतली म्हणजे हात बांधले गेले असंही नाही. वाद चिघळणार असं दिसलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याच्या हमीची प्रतिबंधक कारवाई, करता येते. आपल्याकडे अनेक खून आधीच्या दुर्लक्षित एन.सी.तून उगवलेले असतात.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद सक्तीची, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं. नव्या संहितेत कलम १७३(३) ने एक वाट ठेवली आहे. ३ वर्षे किंवा अधिक, पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. ही वाट सरसकट सगळ्या अर्जांना नाही. ‘साहेब, चौकशीवर ठेवतो’ म्हणताना ती परवानगी लेखी घेतली आहे का, हे बघा.

हद्द आपली नाही म्हणून माणूस परत पाठवायचा नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून वर्ग करायचं. लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांत माहिती नोंदवली नाही, तर न्याय संहितेच्या कलम १९९ खाली अंमलदारावरच गुन्हा होतो. त्यात किमान ६ महिने सक्तमजुरी आहे.

रात्री प्रभारी साहेब ठाण्यात नसतील तर ‘ठाण्याचा प्रभारी अधिकारी’ कोण? प्रभारी अधिकारी अनुपस्थित किंवा आजारी असताना ठाण्यात हजर असलेला, त्यांच्या खालोखाल दर्जाचा आणि शिपायाच्या वरचा अंमलदार, असं व्याख्याच सांगते. म्हणजे काही रात्री हवालदार हा कायद्याने प्रभारी असतो. ‘साहेब आल्यावर या’ ही सबब टिकत नाही.

३. मनातल्या गोष्टींच्या व्याख्या

न्याय संहितेचं कलम २ कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे त्यावरून उडी मारतात. निम्मे खटले तिथेच अडकतात.

‘अप्रामाणिकपणे’ म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने. दोन्हींपैकी एक पुरेसं आहे. आरोपीला फायदा झालाच पाहिजे असं नाही. ‘कपटपूर्वक’ म्हणजे फसवण्याच्या उद्देशाने. ‘सद्भावपूर्वक’ म्हणजे मन साफ असणं एवढंच नव्हे, योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेली कृतीच सद्भावपूर्वक ठरते. ही व्याख्या आपल्यालाही लागू आहे. खातरजमा न करता भलत्याच माणसाला उचलून आणलं, तर ‘चांगल्या हेतूने केलं’ म्हणून सुटका नाही.

‘समजण्यास कारण असणे’ ही व्याख्या चोरीचा माल घेणाऱ्याच्या प्रकरणात, म्हणजे कलम ३१७ मध्ये लागते. भारी मोबाइल बिलाशिवाय, खोक्याशिवाय, रात्री, कवडीमोलाने घेतला. यातली प्रत्येक बाब पंचनाम्यात आणि जबाबात यायला हवी. ‘त्याला माहीत होते’ एवढ्याने काहीच शाबीत होत नाही.

४. मालमत्तेचे गुन्हे : एकच ट्रॅक्टर, अनेक कलमं

नवीन माणूस सर्वात जास्त गोंधळतो ते इथे. एकच वस्तू घेऊन बघू.

शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रात्री आवारातून कोणी ओढून नेला. जंगम (हलवता येणारी) मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातून, संमतीशिवाय, अप्रामाणिक उद्देशाने, हलवली. पाचही घटक आले, चोरी झाली, कलम ३०३.

तोच ट्रॅक्टर ओळखीच्या माणसाला हंगामापुरता भाड्याने दिला. त्याने पहिले दोन महिने भाडं दिलं, मग परस्पर विकून टाकला. इथे ताबा संमतीने गेला होता, म्हणून चोरी नाही. विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग, कलम ३१६.

आणि ज्याने पहिल्याच दिवशी खोटं नाव सांगून, बनावट आधार कार्ड दाखवून ट्रॅक्टर नेला, त्याच्या मनात लबाडी सुरुवातीपासून होती. ती फसवणूक, कलम ३१८(४).

फरक ठरतो एका प्रश्नावर : वस्तू हातात आली त्या क्षणी आरोपीच्या मनात काय होतं? फिर्यादीला विचारा. व्यवहार कधी ठरला, तेव्हा तो काय म्हणाला, त्यातलं खोटं काय निघालं, सुरुवातीला पैसे दिले होते का. ३१६ आणि ३१८ दोन्ही एकदम ठोकून मोकळं व्हायची आपल्याकडे जुनी रीत आहे. दिल्ली रेस क्लब प्रकरणात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकाच वस्तुस्थितीवर हे दोन गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, आणि पोलिसांना हा फरक शिकवायला हवा असंही सुनावलं. नुसता करार मोडला, हातउसने पैसे परत दिले नाहीत, एवढ्याने दोन्हींपैकी एकही होत नाही. ते दिवाणी प्रकरण.

चोरीच्या व्याख्येत ‘मालकाच्या’ ताब्यातून असं म्हटलेलं नाही, कोणाच्याही ताब्यातून असं म्हटलं आहे. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचं बिल न मिळाल्याने गाडी कायदेशीर हक्काने अडवून धरली आणि मालकाने दुसऱ्या किल्लीने ती रात्री पळवली, तर मालकावरही चोरीचा गुन्हा होऊ शकतो. जमिनीला जखडलेली वस्तू जंगम नाही, पण तोडली की जंगम होते. बांधावरचं चंदनाचं झाड उभं असेपर्यंत चोरीचा विषय नाही. करवत फिरली की आहे.

आता जोरजबरदस्ती. दुचाकीवरून येऊन गळ्यातलं मंगळसूत्र झटक्यात खेचलं, तर कलम ३०४, हिसका मारून केलेली चोरी. पूर्वी हे स्वतंत्र कलम नव्हतं. पण चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन पळण्यासाठी बाईंना मारलं, अडवून धरलं किंवा चाकूचा धाक दाखवला, तर जबरी चोरी, कलम ३०९. पळून गेल्यावर, माल टाकून दिल्यावर सुटण्यासाठी केलेला मार यात बसत नाही. म्हणून घटनाक्रम मिनिटामिनिटाने लिहून घ्या : आधी धक्का की आधी खेचाखेच? पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली किंवा तसा प्रयत्न केला, तर दरोडा, कलम ३१०. जवळ थांबून मदत करणारेही मोजायचे. गाडी चालू ठेवून बसलेला चालक पाचवा असू शकतो.

धाक दाखवल्यावर फिर्यादीने स्वतः पैसे काढून दिले तर ती खंडणी, कलम ३०८. मात्र समोर उभं राहून तत्काळ जिवाचा किंवा इजेचा धाक घालून तिथल्या तिथे पैसे द्यायला लावले, तर तीच जबरी चोरी होते. फोनवरून धमकावून मागितलेल्या पैशाला जबरी चोरी म्हणता येत नाही, कारण तिथे आरोपी समोर नसतो.

घरफोडीत घर कुलूपबंद होतं का, आत शिरायला काय तोडलं किंवा उघडलं, आणि सूर्यास्तानंतरची वेळ होती का, या तीन गोष्टींवर घरफोडी झाली का, आणि ३३१(३) की ३३१(४) हे ठरतं. चोरी राहत्या घरात किंवा माल ठेवायच्या जागेत झाली असेल तर सोबत ३०५. दार उघडंच होतं आणि आत येऊन मोबाइल उचलला, तर घरफोडी लिहू नका. घटनास्थळ पंचनाम्यात कडीकोयंडा शाबूत दिसला की खटल्याची हवा तिथेच जाते.

५. दुखापत : डॉक्टरांच्या कागदाआधी तुमचे प्रश्न

‘आरोपीने मला लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जखमी केले.’ हे वाक्य प्रत्येक फिर्यादीत असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा : कोणी, कशाने, शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा? ते हत्यार त्याने बरोबर आणलं होतं की तिथेच उचललं? मारताना काय बोलला?

शारीरिक वेदना, आजार किंवा अशक्तता म्हणजे दुखापत (कलम ११४). जबर दुखापतीचे (कलम ११६) आठच प्रकार आहेत. पुंस्त्वहरण, डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, कानाने ऐकू येणं कायमचं बंद होणे, अवयव किंवा सांधा गमावणे, त्याची शक्ती कायमची घटणे, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे आणि आठवा प्रकार म्हणजे जिवाला धोका निर्माण करणारी किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार अशक्य करणारी इजा. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. अजून काही ठिकाणी २० च लिहिलं जातं.

इथले सापळे सांगतो. टाके किती पडले यावर काहीच ठरत नाही. दवाखान्यात १५ दिवस पडून राहिला एवढंही पुरेसं नाही, वेदना तीव्र होत्या किंवा कामधंदा बंद होता हे यायला हवं. दात हलत असेल आणि मोडलेला नसेल, तर घाई नको, दंतवैद्याचं मत घ्या. डॉक्टरांनी ‘जबर’ लिहिलं तरी ते आठपैकी कोणत्या प्रकारात बसतं ते एक्स-रे अहवालावरून स्वतः पडताळा. चावा घेतला म्हणून हत्याराचं ११८ लावणारेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने माणसाच्या दातांना तसं हत्यार मानलेलं नाही.

डोक्यात मारलं की लगेच १०९, खुनाचा प्रयत्न, हीसुद्धा एक सवय. १०९ जखमेच्या आकारावर ठरत नाही, हेतूवर ठरतं. गोळी चुकली आणि ओरखडाही आला नाही तरी १०९ होऊ शकतं. उलट डोक्यावर दोन टाके असूनही होत नाही. हत्यार, वार कुठे, किती वार, तोंडचे शब्द, आधीचं वैर, कोणी मध्ये पडलं म्हणून थांबला का. हे सगळं फिर्यादीत असेल तरच ते कलम उभं राहतं.

६. किती जण होते

आरोपी पाच दिसले की १८९, १९१ आपोआप लिहिलं जातं. पण बेकायदेशीर जमावाला संख्या आणि सामाईक उद्दिष्ट दोन्ही लागतात. भांडण बघायला जमलेले त्यात येत नाहीत. ‘व इतर चार-पाच अनोळखी इसम’ असं लिहिताना त्यातला प्रत्येक जण काय करत होता, ते जमेल तेवढं विचारा. जमावाने बळ किंवा हिंसा वापरली की दंगा होतो.

पाचपेक्षा कमी असतील तर ३(५), समान इरादा. हा स्वतंत्र गुन्हा नाही, मूळ कलमाला जोडून लागतो. सार्वजनिक ठिकाणी दोघे एकमेकांत मारामारी करून शांतता बिघडवत असतील तर १९४. ती मारामारी घराच्या आत झाली तर हे कलम नाही.

७. समोरचा माणूस कोण

बालक म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यात पूर्वी मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ अशी वयं होती, आता दोघांनाही १८. वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी मिळवा, शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद. वय १८ खाली आणि लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सो लागतो. बालकाचा जबाब शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा.

पीडित या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस येतात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत त्यांना कळवायचं असतं.

लोकसेवक हा शब्द आपण फक्त गणवेशवाल्यांना लावतो. एसटीचा वाहकही कायद्याने लोकसेवक धरला जातो. मात्र कलम १३२ ला तो कर्तव्य बजावत होता, किंवा कर्तव्यातल्या कृतीमुळेच हल्ला झाला, हा घटक लागतो. सुट्टीच्या दिवशी पार्किंगवरून झालेली झटापट त्यात बसत नाही.

८. कलम बदललं की पुढचं सगळं बदलतं

७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची, याची कारणं लेखी नोंदवावी लागतात, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस द्यायची. अर्नेश कुमार निकाल (२०१४) याच विषयावरचा. ३ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असेल आणि आरोपी अशक्त किंवा ६० वर्षांवरचा असेल, तर उपअधीक्षकांची परवानगी लागते. दोषारोपपत्राची मुदत शिक्षा १० वर्षे किंवा अधिक असेल, अथवा मृत्युदंड, जन्मठेप असेल तर ९० दिवस, एरवी ६०. उगाच वाढवलेलं कलम न्यायालयात गळलं की ९० धरून चाललेला तपासी अंमलदार एकसष्टाव्या दिवशी आरोपीला जामिनावर जाताना बघतो.

९. पुराव्याच्या दोन व्याख्या

पोलिसांसमोर दिलेली कबुली वापरता येत नाही. पण कोठडीतल्या आरोपीच्या निवेदनातून एखादी गोष्ट सापडली, तर निवेदनातला त्या शोधापुरता भाग ग्राह्य धरला जातो (साक्ष्य अधिनियम, कलम २३). ‘मी चोरी केली आणि मोबाइल विहिरीशेजारी पुरला’ यातला दुसरा भाग कामाचा. पंचांसमोर त्याचेच शब्द लिहा, आणि जागा त्याला दाखवू द्या. आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्याकडे पंचांना नेलं तर तो शोध राहत नाही.

दस्तऐवजाच्या व्याख्येत आता इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल नोंदी स्पष्टपणे आल्या आहेत. सीसीटीव्ही फुटेज, व्हॉट्सॲपवरचे संदेश, मोबाइलमधलं रेकॉर्डिंग हे सगळं दस्तऐवज आहे. कॉपी सादर करताना कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा) लिहायची असते. फुटेज घेतानाच दुकानदाराकडून भाग अ भरून घ्या. तो पुढच्या महिन्यात गावी गेलेला असेल, आणि डीव्हीआरमधलं मूळ रेकॉर्डिंग तोवर पुसलं गेलेलं असेल.